पित्तखड्याचा धनी कोण?

१५ जुलै १८८२ रोजी बर्लिनच्या लाझारुस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख या शल्यविशारदाने एका ४३ वर्षांच्या माणसाचं पित्ताशय काढून टाकलं. सोळा वर्षं हा माणूस पोटशुळाने बेजार होता. अंगावरचं मांस उतरलं होतं आणि मॉर्फिनशिवाय दिवस जात नव्हता. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर पाहायला गेले, तेव्हा त्याला ताप नव्हता, दुखणं थांबलं होतं आणि स्वारी सिगार ओढत होती. तोपर्यंतचे डॉक्टर फार तर पित्ताशयाला छेद देऊन खडे काढत आणि पिशवी तशीच ठेवत. खडे पुन्हा होत. लांगेनबुखचं म्हणणं सरळ होतं: पित्ताशय काढायचं ते त्यात खडे आहेत म्हणून नव्हे, ते खडे तयार करतं म्हणून.

पण ते खडे तयार का करतं? या प्रश्नावर पुढे एकशेचाळीस वर्षं वाद झाला. आतड्यातल्या जंतूंवर आळ आला, तो पुसला गेला, आणि अलीकडे पुन्हा आला. वाद जर्मनीत सुरू झाला, जपान, बोस्टन आणि मुंबई इथे त्याला वळणं मिळाली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथसारख्या गावात डॉक्टरसमोर सोनोग्राफीचा कागद येतो तेव्हा या वादाचं काय झालं, हे माहीत असणं उपयोगाचं ठरतं.

खडा जुना, प्रश्न नवा

पित्तखडा हा आजच्या तेलातुपाचा आजार आहे, असा समज आहे. तो खरा नाही. इजिप्तमधल्या साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पुजारिणीच्या ममीत पित्ताशय खड्यांसकट शाबूत सापडलं होतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये ते जपून ठेवलं होतं, दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकीत ते नष्ट झालं. १५५६ मध्ये रोमला जेझुइट पंथाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला वारले. लोयोलांच्या शवाची तपासणी रेआल्दो कोलंबो या शरीरशास्त्रज्ञाने केली आणि मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत आणि यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत खडे आढळल्याचं १५५९ च्या आपल्या ग्रंथात नोंदवलं. लोयोलांना आयुष्यभर छळणारी पोटदुखी पित्तखड्यांचीच असावी, असं आजचे अनेक वैद्यक-इतिहासकार मानतात.

आपल्याकडे हा खडा औषधाच्या डबीत होता. गाईबैलांच्या पित्ताशयातला खडा म्हणजे गोरोचन. आयुर्वेदाने ते औषधात वापरलं, मांत्रिकांनी यंत्र लिहायला वापरलं, कपाळाच्या टिळ्यातही ते गेलं. खडा कुठे मिळतो, कसा सुकवायचा, कशावर द्यायचा हे सारं ठाऊक होतं. तो तिथे होतो कसा, हे विचारायची वेळ मात्र एकोणिसाव्या शतकात आली.

जंतूंवर आळ

लांगेनबुखने ऑपरेशन केलं त्याच साली, त्याच बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगासमोर ठेवला. १८८४ मध्ये ते कलकत्त्यात होते आणि तिथे त्यांनी पटकीच्या जंतूवर शिक्कामोर्तब केलं. दर आजारामागे जंतू शोधण्याचे ते दिवस होते. पित्तखडा त्यातून सुटणार कसा?

स्ट्रासबुर्गचे प्राध्यापक बेर्नहार्ड नाउनिन यांनी १८९२ मध्ये पित्तखड्यांवर ग्रंथ लिहिला. चार वर्षांत आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. नाउनिन यांची मांडणी अशी: पित्त वाहतं राहायला हवं. ते पित्ताशयात साचलं की आतड्यातले जंतू पित्तनलिकेतून वर चढतात. पिशवीचं अस्तर सुजतं, त्याच्या पेशी झडतात आणि त्यांतून निघालेलं कोलेस्टेरॉल आणि चुना यांचा खडा बनतो. इंग्लंडमधल्या लीड्सचे नामवंत सर्जन बर्कली मॉयनिहन यांनी याला एक चटकदार रूप दिलं. पित्तखडा म्हणजे आत गाडल्या गेलेल्या जंतूची समाधीशिला, असं ते म्हणत. विद्यार्थ्यांना एवढं वाक्य पुरलं. पुढची कित्येक वर्षं वैद्यकाच्या वर्गांत हेच शिकवलं गेलं.

याला एक भक्कम साक्षही मिळाली, ती टायफॉइडची. आपल्या आज्या ज्याला मुदतीचा ताप म्हणत, त्याचा जंतू आतड्यातून रक्तात जातो आणि यकृतावाटे पित्ताशयात उतरतो. बहुतेक रोगी बरे होतात, पण काहींच्या पित्ताशयात तो ठाण मांडून बसतो. माणूस ठणठणीत असतो आणि शौचावाटे मात्र जंतू बाहेर पडत राहतात. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन हे त्याचं गाजलेलं उदाहरण. १९०७ मध्ये जॉर्ज सोपर यांनी तिचा माग काढला. डॉक्टरांनी पित्ताशय काढून टाकायचं सुचवलं, तिने ठाम नकार दिला. तिला नजरकैदेत ठेवलं गेलं, ती १९१० मध्ये संपली. १९१५ मध्ये तिला पुन्हा धरलं आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत एका बेटावर ठेवलं.

टायफॉइडचा जंतू पित्तात टिकतो कसा, याचं उत्तर शंभरएक वर्षांनी आलं. खडे असतील तर तो खड्याच्या पृष्ठभागावर चिकट थर करून राहतो. २०१० मध्ये मेक्सिकोतल्या रुग्णांच्या खड्यांवर असा थर सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. या थरापर्यंत प्रतिजैविकं नीट पोहोचत नाहीत. म्हणजे जंतू आणि खडा यांची सोबत खरी होती. पण सोबत असणं वेगळं आणि जन्म देणं वेगळं.

आळ पुसला गेला

पहिला हिसका फ्रायबुर्गहून बसला. १९०९ मध्ये लुडविग आशोफ आणि आडोल्फ बाकमाइस्टर यांनी ऑपरेशनमधून आलेली पित्ताशयं आणि खडे बारकाईने तपासले. खडा मधोमध कापला की त्याचं मूळ कळतं. काही खडे फिकट पिवळे, आत केंद्रापासून कडेपर्यंत चकाकत्या स्फटिकांच्या रेषा. पिशवीच्या भिंतीवर सुजेची खूण नाही. हे शुद्ध कोलेस्टेरॉलचे खडे जंतूंशिवाय होतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नाउनिन आणि आशोफ यांच्यातला वाद वर्षानुवर्षं चालला.

१९६८ मध्ये बोस्टनमध्ये विल्यम ॲडमिरँड आणि डोनाल्ड स्मॉल यांनी निकाल जवळजवळ लावला. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तात ते विरघळलेलं राहतं ते पित्तक्षार आणि लेसिथिन यांच्या आधाराने. या तिघांचं प्रमाण त्यांनी एका त्रिकोणी आलेखावर मांडलं. प्रमाण आलेखातल्या ठरावीक हद्दीत असेल तर पित्त स्वच्छ राहतं. कोलेस्टेरॉल वाढलं की हद्द ओलांडली जाते आणि स्फटिक खाली बसतात. यात जंतूंचं कामच नव्हतं. दोष यकृताचा, फार तर पित्ताशयाच्या आळसाचा.

तरी एका जातीच्या खड्यात जंतू पुराव्यानिशी सापडले. जपानमधल्या सेंदाईचे सर्जन तेत्सुओ माकी यांनी १९६६ मध्ये तपकिरी खड्यांची गोष्ट उलगडली. हे खडे मऊ, बोटाने चुरा होणारे, थरावर थर असलेले. पित्तातला बिलिरुबिन हा पिवळा रंग यकृत एका शर्करेच्या आम्लाशी जोडून विरघळण्याजोगा करतं. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू वर चढला की त्याचं एक विकर ही जोडणी तोडतं. सुटा बिलिरुबिन चुन्याशी जुळतो आणि गाळ बसतो. पूर्व आशियात जंत पित्तनलिकेत शिरण्याचं प्रमाण मोठं होतं, त्यांच्या वाटेने जंतूही वर जात. युद्धानंतर जपानी ताट बदललं, स्वच्छता वाढली आणि तपकिरी खडे मागे पडून कोलेस्टेरॉलचे पुढे आले. एका पिढीत एका देशाचा खडा बदलला.

चर्चगेटचा हिशेब

याच सुमारास मुंबईत, चर्चगेटच्या पश्चिम रेल्वे मुख्यालयातले वैद्यकीय अधिकारी एस. एल. मल्होत्रा एका वेगळ्या वाटेने या प्रश्नापाशी आले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, रेल्वे होती. एकच मालक, एकसारखे पगार, एकसारखे दवाखाने, आणि काश्मीरच्या पायथ्यापासून केरळपर्यंत पसरलेले लाखो कामगार. कोणाला काय झालं याची नोंद कागदावर होती. १९६८ मध्ये, म्हणजे बोस्टनचा त्रिकोण आला त्याच साली, ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात त्यांचा लेख आला. उत्तर भारतीय रेल्वे कामगारांत पित्तखडे दक्षिण भारतीयांच्या सात पट होते.

याच रेल्वेच्या नोंदींवरून त्यांनी वर्षभर आधी हृदयविकाराचा हिशेब मांडला होता आणि तो नेमका उलटा होता: हृदयविकार दक्षिणेत जास्त. तूप-दूध जास्त खाणाऱ्या उत्तरेत हृदय शाबूत आणि पित्ताशयात खडे. मल्होत्रांनी बोट आहाराकडे दाखवलं: चरबीचा प्रकार, चोथा, चावून खाण्याची पद्धत. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांवर पुढे शिक्कामोर्तब झालं नाही, पण उत्तर-दक्षिण फरक टिकला. उत्तरेत मुख्यतः कोलेस्टेरॉलचे खडे आणि दक्षिणेत रंगद्रव्याचे खडे तुलनेने जास्त, हे नंतर खडे फोडून केलेल्या तपासण्यांतही दिसलं.

खडा का होतो हे ठरायच्या आत तो काढायची पद्धतच बदलून गेली. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं. मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासूनच जे. जे. रुग्णालयात पोटात दुर्बीण घालून निदान करायला सुरुवात केली होती. ज्या रुग्णाचं पोट नुसतं पाहण्यासाठी उघडावं लागे, त्याचं काम एका छोट्या छिद्रावर भागू लागलं. त्यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, विकसनशील देशांतलं ते पहिलं. काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनीही ते केलं. आज जिल्ह्याच्या गावीही लोक सहज म्हणतात, “दुर्बिणीने पित्ताची पिशवी काढली, तिसऱ्या दिवशी घरी.” सोय झाली, पण त्यामुळे खड्याच्या मुळाशी जायची घाई कोणालाच राहिली नाही.

आतडं पुन्हा चर्चेत

तरी काही जण मुळाशी जात राहिले. या वेळी त्यांनी जंतू पित्ताशयात शोधले नाहीत, मोठ्या आतड्यात शोधले.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्तआम्लं बनवतं. ती आतड्यात उतरतात, चरबी पचवतात आणि लहान आतड्याच्या टोकाला त्यांतली पंचाण्णव टक्के पुन्हा रक्तात शोषली जाऊन यकृतात परततात. उरलेली मोठ्या आतड्यात जातात. तिथले काही जंतू त्यांच्या रेणूतला एक तुकडा काढून टाकतात आणि डीऑक्सिकोलिक आम्ल तयार होतं. तेही शोषलं जातं आणि यकृतामार्गे पित्तात मिसळतं. पित्तात हे आम्ल वाढलं की कोलेस्टेरॉलचा भार वाढतो आणि स्फटिक लवकर बसतात. म्हणजे जंतूला वर चढायची गरजच नाही. तो खाली आतड्यातच बसून यकृताच्या पित्ताची घडण बदलतो.

म्युनिकच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये हे रुग्णांत दाखवलं. ज्यांच्या पित्तात डीऑक्सिकोलिक आम्ल जास्त, त्यांच्या आतड्यात ते बनवणारे जंतूही जास्त. प्रतिजैविक दिल्यावर आम्ल उतरलं आणि पित्तातलं कोलेस्टेरॉलचं प्रमाणही. लंडनमध्ये ऑक्ट्रिओटाइड हे संप्रेरकासारखं औषध घेणाऱ्या रुग्णांत दिसलं की आतड्याची चाल मंदावली की हे आम्ल वाढतं आणि खडेही वाढतात. त्याआधी १९९५ मध्ये बर्लिनमध्ये कोलेस्टेरॉलच्या मिश्र खड्यांत जंतूंचा डीएनए सापडला होता. मॉयनिहनच्या समाधीशिलेत खरंच काहीतरी होतं.

मग पाळी उंदरांची. २००५ मध्ये अमेरिकेत हेलिकोबॅक्टरच्या काही जातींची लागण केलेल्या उंदरांना चरबीयुक्त आहार दिल्यावर बहुतेकांना खडे झाले, लागण नसलेल्यांना क्वचितच. गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. २०१३ मध्ये आतड्यात एकही जंतू नसलेले उंदीर तोच आहार देऊन पाहिले, तर त्यांना नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त खडे झाले. म्हणजे सगळे जंतू मारणं हा उपाय नाही, काही जंतू रक्षणही करतात. २०२२ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी पित्तखड्याच्या रुग्णांची विष्ठा उंदरांच्या आतड्यात सोडली आणि सहसा खडे न होणाऱ्या उंदरांना खडे झाले. त्यांचा संशय डिसल्फोव्हिब्रिओ गटाच्या जंतूंवर होता.

यातली एक गंमत आपल्या गावोगावच्या दवाखान्यांची आहे. टायफॉइडसाठी सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रायॅक्सोन हे इंजेक्शन पित्तात उतरतं, चुन्याशी जुळतं आणि पित्ताशयात गाळ बसवतं. सोनोग्राफीत तो खड्यासारखाच दिसतो. औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत तो आपोआप जातो. जंतू मारायला दिलेलं औषधच कधी खड्याचा आभास निर्माण करतं.

बोथच्या वाटेवर

आता बोथकडे वळू. वायव्येला महाराष्ट्रातला किनवट तालुका, पूर्वेला उत्तर-दक्षिण जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, मधे कापूस, सोयाबीन आणि ज्वारीची शेतं. मराठी, तेलुगू, गोंडी आणि लमाणी एकत्र नांदणारा हा पट्टा हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. मल्होत्रांची उत्तर आणि दक्षिण इथे एकाच पंक्तीला बसतात, त्यामुळे त्यांचा सात पटींचा नियम इथे लावून चालत नाही.

या भागाच्या आतड्याबद्दल थोडं कळलं ते २०१५ मध्ये. गुवाहाटीच्या संशोधकांनी आसाम, मणिपूर, सिक्कीम आणि तेलंगणातल्या १५ जमातींच्या आतड्यातले जंतू तपासले. सगळ्यांत प्रीव्होटेला हा जंतू प्रबळ होता. पुढच्या वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या नमुन्यांत तेच पाहिलं. धान्य, डाळ आणि चोथा खाणाऱ्यांच्या पोटात हा जंतू वाढतो. युरोप-अमेरिकेच्या आतड्यात सहसा दुसऱ्याच जंतूंचं राज्य असतं. तेव्हा तिकडचा निष्कर्ष इकडच्या पोटाला जसाच्या तसा लावायची घाई नको.

पण या पट्ट्यात सर्वांत आधी विचारायला हवा तो तिसऱ्याच खड्याचा प्रश्न. तो काळा असतो, मिऱ्याएवढा, टणक, चकचकीत, आणि तो बहुधा निर्जंतुक पित्तात तयार होतो. त्याचं मूळ रक्तात असतं. आदिलाबादमधल्या गोंड, कोलाम, परधान या जमातींत आणि लगतच्या गडचिरोली-चंद्रपूर भागात सिकलसेलचा आजार आढळतो. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत नोंदला गेला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या नोंदी ‘लॅन्सेट’मध्ये छापल्या. निरोगी माणसाची तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलमध्ये ती दहा-वीस दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन इतका निघतो की यकृताला तो पुरता आवरत नाही. उरलेला चुन्याशी जुळून काळा खडा होतो, आणि तो शाळकरी वयातही होतो.

इथेच चूक होते. डोळे पिवळे दिसतात म्हणून कावीळ समजून झाडपाला दिला जातो. पोटात कळ येते तेव्हा ती सिकलसेलची आहे की खड्याची, हे तपासल्याशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही. म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या पित्ताशयात खडे दिसले, तर या भागात पहिला प्रश्न जेवणाचा नाही आणि जंतूंचाही नाही. रक्ताची सिकलसेल तपासणी झाली आहे का, हा पहिला प्रश्न. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं, आणि ही तपासणी त्याचाच भाग आहे.

एकशेचाळीस वर्षांच्या वादाचा निकाल एका ओळीत येत नाही, पण तीन ओळींत येतो. तपकिरी खड्यात जंतू थेट दोषी आहेत, तिथे नाउनिन बरोबर होते. पिवळ्या खड्यात ते यकृताचे साथीदार आहेत, पण एकटे धनी नाहीत. काळ्या खड्यात ते निर्दोष आहेत. ज्यांनी सगळ्या खड्यांना एकच कारण शोधलं ते सगळे अर्धवट चुकले.

वाचकांना सांगायचं ते एवढंच. खडे आहेत पण त्रास नाही, अशा बहुतेक मोठ्या माणसांना ऑपरेशन लागत नाही. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र डॉक्टरशी बोलूनच ठरवावं. खडे विरघळवायला प्रतिजैविकं घेऊ नयेत. लिंबू-ऑलिव्ह तेल पिऊन खडे पडतात यावरही विश्वास ठेवू नये. असे पडलेले हिरवे गोळे प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा ते तेल आणि लिंबू यांपासून पोटात बनलेले साबण निघाले, हे २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आहे. आणि उजव्या बरगडीखाली दुखत असताना थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावं. त्या वेळी पित्तनलिका अडलेली असते आणि जंतू खरोखरच वर चढलेले असतात.